मातीखालचं नाणं आम्लात बुडवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या नाण्यांच्या संग्रहावर आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला, याचा आनंद झाला. पण मातीने माखलेली नाणी आम्ल आणि मिठाच्या पाण्यात बुडवली की लख्ख होतात, हा त्यातला सल्ला वाचून गप्प बसवेना.

गेली अठरा वर्षं मी न साफ केलेली रोमन कांस्य नाणी जमवते आहे. सुरुवातीला घाई मीही केली. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं एक नाणं होतं, नखाएवढं. मागे दोन सैनिक उभे, मध्ये दोन निशाणं, म्हणजे नाणं साधारण इ.स. ३३० ते ३३५ मधलं. टांकसाळीची अक्षरं सैनिकांच्या पायाखाली असतात आणि माती तिथेच सर्वांत चिवट बसते. मी सुईने खरवडलं. मातीबरोबर अक्षरंही गेली. तिथे ‘एसआयएस’ असतं तर नाणं सिस्कियाचं, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या सिसाकचं. ‘एसएमएन’ असतं तर निकोमेडियाचं, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमितचं. आता ते कधीच कळणार नाही. ते नाणं मी अजून जपून ठेवलं आहे.

आम्ल तर सुईपेक्षा वाईट. शतकानुशतकं जमिनीत राहून कांस्यावर जो हिरवा-तपकिरी थर चढतो, त्यातच पुष्कळदा अक्षरांचे बारकावे टिकलेले असतात. आम्ल तो थरच खातं. सम्राट डायोक्लिशनने सुमारे इ.स. २९४ मध्ये केलेल्या नाण्यांच्या सुधारणेनंतरच्या अनेक नाण्यांवर चांदीचा अगदी पातळ मुलामा होता. तो उरला असलाच तर आधी जातो. आणि मिठातलं क्लोराइड छिद्रांत शिरून बसलं की दमट हवेत तांबं आतून पोखरत राहतं. फिकट हिरवी भुकटी दिसू लागली की ते नाणं ताबडतोब इतरांपासून वेगळं करायचं.

खरेदीबद्दल लेखात जवळजवळ काहीच नव्हतं. मातीखाली चेहऱ्याचा किंवा अक्षरांचा उंचवटा बोटाला लागतो का, ते पाहावं. माती सगळीकडे एकाच रंगाची, एकाच जाडीची असेल तर ती मुद्दाम चिकटवलेली असू शकते. ‘कुणी न निवडलेला’ म्हणून विकला जाणारा लॉट बहुतेक वेळा निवडून झालेला असतो. त्याहून महत्त्वाचं, नाणी कुठे सापडली आणि त्या देशातून कायदेशीर बाहेर आली का, हे विचारावंच. एका ठेव्यातली नाणी एकत्र राहिली तर त्यातल्या सर्वांत अलीकडच्या नाण्यावरून ठेवा पुरल्याचा काळ सांगता येतो. चार ठिकाणची नाणी एका पिशवीत कालवली की ती माहिती संपली. विक्रेता उत्तर टाळत असेल तर मी घेत नाही, नाणं कितीही मोहात पाडणारं असो.

कृपया पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी. ज्यांनी नाणी आधीच बुडवली असतील, त्यांनी ती लगेच काढून डिस्टिल्ड पाण्यात ठेवावीत, काही आठवडे पाणी रोज बदलावं, मग पूर्ण कोरडी करून सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डबीत ठेवावीत.

आपली,
एक नाणेसंग्राहक वाचक