चुकीच्या तपासणी अहवालामुळे मोडलेला घड्याळाचा सौदा : तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : ओमेगा स्पीडमास्टर प्रोफेशनल (मॉडेलचा संदर्भ क्रमांक ३५७०.५०) या घड्याळाचा चुकीचा तपासणी अहवाल आणि त्याचा अनुक्रमांक उघड केल्याबाबत.

महोदय,

मी २००६ साली नवे घेतलेले वरील घड्याळ आपल्या संकेतस्थळावर विक्रीस ठेवले होते. मूळ डबा, वॉरंटी कार्ड आणि दोन्ही सर्व्हिसिंगच्या पावत्या माझ्याकडे आहेत. किंमत ठरली, खरेदीदाराने आपल्याकडे पैसे भरले आणि नियमाप्रमाणे मी घड्याळ आपल्या तपासणी केंद्राकडे पाठवले. तेथून आलेल्या अहवालानंतर खरेदीदाराने ठरलेल्या किमतीपेक्षा एक पंचमांश कमी रक्कम देऊ केली. ती चोवीस तासांत मान्य करावी, अन्यथा तपासणी शुल्क आणि परत पाठवण्याचा खर्च मी भरावा, असे आपण मला कळवले. मी रक्कम नाकारली, दोन्ही खर्च भरले आणि घड्याळ परत घेतले. खरेदीदाराला मी दोष देत नाही, कारण तसा अहवाल हाती आला असता तर त्यांच्या जागी मीही मागे हटलो असतो. माझी तक्रार त्या अहवालाबद्दल आहे.

अहवालातील पहिला शेरा असा आहे : 'काच मूळ नाही, प्लास्टिकची बसवलेली आहे.' हा शेरा वाचून मला खरोखर धक्का बसला. या संदर्भ क्रमांकाच्या घड्याळाला कारखान्यातूनच हेसालाइटची, म्हणजे एक प्रकारच्या ॲक्रिलिक प्लास्टिकची, काच येते. नासाने १ मार्च १९६५ रोजी स्पीडमास्टरला अंतराळ मोहिमांसाठी पात्र ठरवले तेव्हाही त्यावर अशीच काच होती, आणि आघात झाल्यास ती खऱ्या काचेसारखी तुकडे होऊन विखुरत नाही हा तिचा गुण मानला जातो. सफायर काचेचे घड्याळ त्याच काळात ३५७३.५० या वेगळ्या क्रमांकाने मिळत असे. माझ्या घड्याळाच्या काचेवर बरोबर मध्यभागी, काटे ज्या बिंदूवर बसवले आहेत त्याच्या वर, ओमेगाची अतिशय बारीक खूण कोरलेली आहे. नुसत्या डोळ्यांना ती धुळीच्या कणासारखी भासते, पण भिंगाखाली घड्याळ उजेडात जरासे कलते केले की स्पष्ट दिसते. आपल्या तज्ज्ञाने भिंग लावले असते तर हा शेरा लिहिलाच गेला नसता.

दुसरा शेरा यंत्राबद्दल आहे. बॅलन्स चाकाचा झोका, म्हणजे ॲम्प्लिट्यूड, १९० अंश भरल्यामुळे 'तातडीने सर्व्हिसिंग आवश्यक' असे त्यात म्हटले आहे. मात्र त्याच अहवालात यंत्राचा प्रकार 'ऑटोमॅटिक', म्हणजे हालचालीने आपोआप किल्ली मिळणारा, असा नोंदवलेला आहे, आणि माझ्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ तेथेच आहे. या घड्याळात १८६१ कॅलिबरचे हाताने किल्ली द्यायचे यंत्र आहे. पूर्ण किल्ली दिल्यावर ते साधारण ४८ तास चालते. माझे पार्सल आपल्याकडे पोहोचायला तीन दिवस लागले, म्हणजे घड्याळ वाटेतच बंद पडले असणार. ऑटोमॅटिक समजून ते हलवले किंवा जेमतेम चार-दोन फेरे किल्ली देऊन मोजणीच्या यंत्रावर लावले, तर झोका कमी भरणारच. घड्याळ परत आल्यावर मी ते माझ्या घड्याळजींकडे नेले. त्यांनी माझ्यासमोर मुकुट, म्हणजे किल्ली देण्याची बाजूची कळ, पूर्ण अडेपर्यंत किल्ली दिली, थोडा वेळ थांबून तबकडी वर ठेवून मोजणी केली, तेव्हा झोका २८० अंश भरला. त्या मोजणीची छापील पट्टी पत्रासोबत जोडली आहे.

पट्टा जोडण्याच्या शिंगांवर हलके पॉलिश झाल्याचा तिसरा शेरा मात्र बरोबर आहे. मी तो विक्रीच्या वर्णनात स्वतःच लिहिला होता आणि किंमत ठरवताना त्याची वजावटही केली होती.

किमतीबद्दलही एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. आपल्या अंदाज-सुविधेने सुचवलेला आकडा मी जाणीवपूर्वक घेतला नाही. तिने सफायर काचेची घड्याळे आणि २०२१ साली आलेले ३८६१ कॅलिबरचे नवे घड्याळ एकाच टोपलीत घातले होते, शिवाय ती विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती मोजते, प्रत्यक्ष पदरात पडलेल्या नव्हे. मी याच संदर्भ क्रमांकाच्या, डबा व कागदपत्रे असलेल्या घड्याळांचे पूर्ण झालेले व्यवहार पाहून भाव लावला होता. त्यामुळे चढा भाव तपासणीत खाली आला, असे आपल्याला म्हणता येणार नाही.

सर्वांत जास्त काळजी मला पुढील गोष्टीची वाटते. मी दिलेल्या फोटोंत अनुक्रमांकाचे शेवटचे आकडे झाकलेले होते. आपल्या केंद्राने काढलेल्या वॉरंटी कार्डाच्या फोटोत तो संपूर्ण वाचता येत होता आणि तो फोटो नऊ दिवस सर्वांसाठी खुला राहिला. खऱ्या घड्याळाचा क्रमांक हाती आला की त्यावरून बनावट कार्ड तयार करता येते, किंवा जवळ नसलेले घड्याळ विकायला काढता येते. तसेच घडले. गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका संकेतस्थळावर माझेच घड्याळ निम्म्या किमतीला विक्रीस लागलेले मला दिसले. फोटो माझेच होते, घड्याळाखाली पसरलेला निळा रुमालसुद्धा माझाच होता. तेथे कोणी पैसे गमावले, तर त्या क्रमांकाचा माग माझ्या दारापर्यंत येईल. त्या संकेतस्थळाला मी लेखी कळवले आहे, पण तेवढ्याने माझी चिंता मिटलेली नाही.

पार्सल बांधताना मी अनुक्रमांक, काटे चालू असलेली तबकडी आणि वजनकाट्यावरील आकडा दिसेल असे सलग चित्रीकरण केले होते. आपल्याकडे पार्सल उघडतानाचे चित्रीकरण मी दोनदा मागितले, तेव्हा ते ठेवले जात नाही असे उत्तर मिळाले. घड्याळ सुखरूप परत आले, म्हणून त्याबाबत माझा दावा नाही. पण एखाद्याचा सुटा भाग बदलला गेला, तर त्याने ते कशाच्या आधारे सिद्ध करायचे?

माझी मागणी अशी की आपण अहवालातील पहिले दोन शेरे चुकीचे असल्याचे लेखी मान्य करून सुधारित अहवाल मला आणि त्या खरेदीदाराला पाठवावा, तपासणी शुल्क व परतीचा खर्च मला परत करावा, आणि अनुक्रमांक दिसणारे सर्व फोटो आपल्या साठ्यातून काढून तसे प्रमाणित करावे. तो क्रमांक आपल्या केंद्रातून उघड झाला असे सांगणारे पत्रही मला हवे आहे, म्हणजे उद्या कोणी विचारणा केली तर ते दाखवता येईल. खरेदीदार अजूनही इच्छुक असल्यास मी मूळ ठरलेल्या किमतीलाच घड्याळ देण्यास तयार आहे.

पंधरा दिवसांच्या आत, हाताळणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीनिशी, लेखी उत्तर मिळावे ही विनंती.

आपला विश्वासू,
घड्याळाचा विक्रेता व आपला ग्राहक