मावशीचा पुकारा

लातूर, रविवार

गण्या लेका,

फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहायलो. आई बरी आहे, एसटीनं माझी कंबर मोडली, बाकी ठीक.

तालुक्याच्या कोर्टात एका वकीलसाहेबांकडं माझी इंटर्नशिप चालू आहे. काम काय, तर बोर्ड बघायचा, फायली वाहायच्या, झेरॉक्सच्या रांगेत उभं राहायचं. परवा साहेब म्हणाले, "त्या पोटगीच्या केसमध्ये मुदतीचा अर्ज लिही, आपण गैरअर्जदाराकडून, म्हणजे ज्याच्याकडं पोटगी मागितली त्याच्याकडून आहोत." लिहिला. शिपायानं पुकारा केला अन् व्हरांड्यातून काखेत औषधाची पिशवी धरून कोण उठावं? मेसवाली मावशी! आणि आमचे पक्षकार म्हणजे तिचाच पोरगा बबन्या, कडक इस्त्रीत.

2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, आठवतं? मावशी आपल्याला पत्रावळीवर जेवू घालायची, अन् बबन्याची बाटली मात्र क्लासला जाताना गच्च भरलेली. तोच हा.

अर्ज मंजूर, पुढची तारीख. बाहेर आल्यावर मावशीनं हात धरला. "बाळा, तू इथंच असतोस का? मग बघ की जरा माझं." वर विचारती, तो लांबडा कुठं असतो. मेसच्या दोन महिन्यांच्या पैशांचा विषय तिनं काढला नाही, मी काढायलो. तू "दिले" म्हणशील. नाही दिलेस.

आता माझं दुखणं ऐक. तिच्याकडून वकील नाही, अर्ज कुणीतरी लिहून दिलेला. 2007 चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा तिला कुणी सांगितलेला दिसत नाही. त्यात एसडीओकडं, म्हणजे प्रांतसाहेबाकडं अर्ज करायचा. आईला वयाची अट नाही. कलम 17 प्रमाणं तिथं वकिलाला उभंच राहता येत नाही, म्हणजे आमचे साहेबही बाहेर! नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यावा असं लिहिलंय. दोन्हीकडं मात्र मागता येत नाही, एक धरायचं तर एक सोडावं लागतं. हे तिला मी सांगू कसं? फाईल बबन्याची माझ्या हातात. त्याचा पगार, त्यानं कुठं काय घेतलं, सगळं वाचलंय. तुलाही सांगणार नाही, विचारू नको.

दुसऱ्या वकिलाकडं जावं, तर वाचलेलं डोक्यातून थोडंच जातंय? आणि कॉलेजचं सर्टिफिकेट लटकतं ते वेगळं.

कोर्टाच्या भिंतीवर विधी सेवा समितीची पाटी आहे. बाईमाणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. मावशी रोज त्याच पाटीखाली बसती, तिला वाचता येत नाही. पाटी वाचून दाखवली तर तो सल्ला झाला का रे? तू म्हणशील, हॉस्टेलच्या भांडणातही तुझा असाच दोन्ही डगरींवर हात होता. त्या भांडणात चूक तुझीच होती, ते सोड.

चाकणला पर्मनंट झालास का? पोरगी बघायला गेलतास, त्याचं काय झालं? वहिनीचा फोटो तरी धाड.

पुकारा भर कोर्टात झाला, तेवढं तुला कळलं तर बिघडत नाही. बबन्या तुझं ऐकायचा. तारीख पोळ्यानंतरची आहे. त्याआधी एकदा गावाकडं ये, त्याला गाठ. माझं नाव काढू नको. आणि येताना मावशीचे पैसे आण, आता व्याजासकट.

तुझाच,
विक्या