स्क्रीनगार्ड घेताना पाकिटावरच्या आकड्यांवर जाऊ नका

मा. संपादक,

तुमच्या पेपरात नवीन मोबाईल आला की त्याचा कॅमेरा, बॅटरी, प्रोसेसर सगळं छापून येतं आणि मी ते आवडीने वाचते, पण तो मोबाईल हातात आल्यावर तासाभरात जी वस्तू जवळपास प्रत्येकजण त्यावर चिकटवतो तिच्याबद्दल ओळभरही कुठे वाचायला मिळत नाही. मी स्क्रीनगार्डबद्दल बोलतेय. मोबाईल घ्यायच्या आधी लोक महिनाभर व्हिडिओ बघतात, चारजणांना विचारतात, आणि स्क्रीनगार्डच्या वेळी मात्र "चांगलं असेल ते लावून द्या" एवढं म्हणून मोकळे होतात. मग समोरून एक पाकीट येतं, त्यावर ९एच, ११डी असं काहीतरी मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, काच चिकटते, विषय संपला. यात लोकांची सरळ फसगत होतेय असं मला वाटतं आणि म्हणून हे जरा लांबलचक पत्र.

मुळात स्क्रीनला दोन वेगळे धोके असतात, ओरखडे आणि पडणं, आणि आपण दोन्हींवर एकच इलाज आहे असं धरून चालतो. तसं नाहीये. स्क्रीनगार्ड मुख्यतः ओरखड्यांपासून वाचवतं, पडण्यापासून वाचवायचं काम जास्त करून कव्हरचं असतं.

ओरखडे कशाने पडतात विचारलं तर लोक सांगतात किल्ल्या, नाणी. पण किल्ली बहुधा पितळेची किंवा साध्या स्टीलची, नाणंही तसंच, आणि हे धातू मोबाईलच्या काचेपेक्षा मऊ असतात. खरी शत्रू आहे वाळू. वाळूत क्वार्ट्झचे कण असतात आणि खनिजांचा कठीणपणा मोजायची जी १ ते १० ची मोह्स स्केल आहे, जर्मन खनिजतज्ज्ञ फ्रिडरिक मोह्स यांनी १८१२ मध्ये तयार केलेली, तिच्यावर क्वार्ट्झ ७ वर येतो आणि मोबाईलच्या काचेवर साधारण ६ पासून चरे उठायला लागतात, ७ ला तर चांगले खोल. म्हणजे खिशाच्या किंवा पर्सच्या तळाशी जी बारीक धूळ साचते ना, तिच्यातला एक कण पुरतो. स्क्रीन बंद करून मोबाईल खिडकीच्या उजेडात तिरका धरून बघा, समोरून अजिबात न दिसणाऱ्या केसासारख्या रेघा दिसतील, त्या बहुतेक या कणांच्याच.

आता ९एच. पाकिटावरचं ९ बघून लोकांना वाटतं की ही काच मोह्सच्या ९ ची, म्हणजे नीलम माणकाच्या तोडीची आणि हिऱ्याच्या एकच पायरी खाली. अजिबात नाही! हा एच पेन्सिलवरचा एच आहे, आपल्या एचबी पेन्सिलीतला. रंगाचा किंवा कोटिंगचा थर किती टणक झालाय ते बघायला एक टेस्ट असते, पेन्सिल ४५ अंशात धरून ठरलेल्या वजनाने, साधारण ७५० ग्रॅम, पृष्ठभागावरून ओढायची आणि चरा पडतो का बघायचं, आणि त्यात सगळ्यात कडक पेन्सिल ९एच. पेन्सिलीच्या आत ग्रॅफाईट आणि माती, त्याने कुठल्याही काचेवर चरा पडणार नाही, खिडकीची साधी काचसुद्धा ही टेस्ट पास होते. म्हणजे ९एच लिहिलेलं खोटं नाही, पण त्यावरून एक काच दुसरीपेक्षा चांगली हे ठरवता येत नाही. ५डी, ९डी, ११डी ला तर तेवढाही अर्थ नाही. २.५डी म्हणजे काचेची कड गोलसर घासलेली, हे ठीक आहे, त्यापुढचे आकडे नुसतेच वाढत गेलेत.

मग काही जण म्हणतात की आमच्या मोबाईलला गोरिल्ला ग्लास आहे, आम्हाला गार्ड कशाला. हा प्रश्न मात्र योग्य आहे आणि त्याचं उत्तर सरळ हो-नाही मध्ये देता येत नाही. ही काच अमेरिकेतली कॉर्निंग कंपनी बनवते, काच सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवतात, काचेतले छोटे सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, बाहेर येतात आणि त्यांच्या जागी मोठे पोटॅशियमचे आयन घुसतात, जागा तेवढीच आणि आयन मोठे त्यामुळे काचेचा वरचा थर गच्च आवळला जातो. तडा जायचा तर आधी हा आवळ सैल व्हावा लागतो म्हणून ती सहजासहजी फुटत नाही. स्क्रीनगार्डची काचही तिच्यावर टेम्पर्ड लिहिलेलं असलं तरी बहुतेक वेळा अशीच क्षारात बुडवून मजबूत केलेली असते, कारण पाव-अर्धा मिलिमीटर जाडीची काच तापवून हवेच्या झोताने झटकन गार करायची जुनी पद्धत नीट जमत नाही.

पण मजबूत आणि चरा न पडणारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय काच फुटते ती बहुधा जिथे आधीच बारीक चीर असते तिथूनच, हे ग्रिफिथ नावाच्या इंग्लिश इंजिनिअरने १९२० च्या सुमारास दाखवून दिलं होतं. म्हणून माझ्या मते गार्डचा खरा फायदा हा आहे की ते मूळ काचेवर चरे पडू देत नाही, आणि चरे नसलेली काच उद्या मोबाईल पडला तर टिकायची शक्यता जास्त. थेट मदत करतं ते एकाच प्रकारात, मोबाईल पालथा खडबडीत जागी पडला आणि खड्याचं टोक स्क्रीनवर आलं तर ते टोक आधी गार्डला लागतं. कोपऱ्यावर पडला तर गार्ड काही करू शकत नाही, धक्का फ्रेममधून थेट काचेच्या कडेला जातो. तिथे कव्हरच पाहिजे, कोपऱ्यांना मऊ जाड आणि पुढून कड स्क्रीनपेक्षा जराशी वर आलेली. टेबलवर मोबाईल पालथा ठेवून बघा, स्क्रीन टेबलला टेकली तर ते कव्हर फक्त शोभेचं.

एवढं सगळं का करायचं तर आता बऱ्याच मोबाईलमध्ये वरची काच, टच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले असतात, रिपेअरवाले ज्याला कॉम्बो म्हणतात, त्यामुळे नुसती काच गेली तरी बहुतेक वेळा सगळंच बदलावं लागतं.

निवडायचं म्हटलं तर काच की फिल्म हा पहिला प्रश्न. सपाट स्क्रीन असेल तर माझं मत काचेकडे, हाताला मूळ स्क्रीनसारखीच लागते, फुटली तर काढून टाकता येते. फक्त पूर्ण गोंद असलेलीच घ्या, कडेलाच गोंद असलेल्या काचेत मधे हवेची फट राहते आणि टच अडखळतो, कडेने धूळ आत जाते ते वेगळंच. फिल्ममध्ये पीईटी म्हणजे साधं पातळ प्लास्टिक, आणि टीपीयू, जिला हायड्रोजेल म्हणून विकतात, ती रबरासारखी लवचिक असते आणि तिच्यावरच्या बारीक रेघा काही वेळाने आपोआप भरून येतात. वाकलेल्या कडांच्या स्क्रीनवर टीपीयू बरी बसते, काच तिथे कडेने उचलली जाते. धक्का सहन करायची अपेक्षा मात्र फिल्मकडून ठेवू नका.

वाकलेल्या स्क्रीनसाठी यूव्ही ग्लास पण मिळते, पातळ गोंद ओतायचा, वर काच ठेवायची आणि यूव्ही दिव्याने तो सुकवायचा. बसते छान, पण सुकायच्या आधी तो गोंद स्पीकरच्या जाळीत किंवा बटणांच्या फटीत उतरू शकतो आणि एकदा आत जाऊन कडक झाला की निघत नाही. मी तरी कोणाला ती सुचवणार नाही.

स्क्रीनखाली फिंगरप्रिंट असेल तर जास्तच जपून. २०१९ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस१० मध्ये काही सिलिकॉनची कव्हरं स्क्रीनवर असताना भलत्याच माणसाच्या बोटाने मोबाईल उघडतो असं उघड झालं होतं, सेन्सर कव्हरवरच्या नक्षीलाच ठसा समजत होता, कंपनीला सॉफ्टवेअर अपडेट द्यावं लागलं. म्हणून नवीन गार्ड लावलं की जुने ठसे काढून बोटं परत नोंदवा आणि मग घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी बोटाने उघडतोय का तेही बघा, ही दुसरी गोष्ट कोणीच करत नाही.

आणि घडीचा मोबाईल असेल तर आतल्या स्क्रीनवर कंपनीने जी फिल्म दिलीय ती स्वतः काढू नका. त्याच वर्षी सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी फोल्ड टेस्टिंगसाठी दिला होता तेव्हा काही पत्रकारांनी वरचा थर म्हणजे साधं स्क्रीनगार्ड समजून सोलला आणि स्क्रीनच गेल्या, एप्रिलमधली विक्री सप्टेंबरवर ढकलावी लागली.

प्रायव्हसी ग्लास, म्हणजे शेजारून बघणाऱ्याला स्क्रीन दिसू न देणारी काच, ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी घ्यावी, पण ती उजेड अडवते, मग ब्राइटनेस वाढवावा लागतो आणि बॅटरी लवकर उतरते. ब्लू लाईट वाल्या, म्हणजे स्क्रीनचा निळा उजेड अडवते म्हणून विकतात त्या काचेसाठी मी जास्तीचे पैसे देणार नाही, स्क्रीन बघून डोळे शिणतात ते मुख्यतः पापण्या कमी लवतात आणि जवळ एकटक बघितलं जातं म्हणून, ती काच लावून पापण्या जास्त लवणार नाहीत.

एक गोष्ट बघून मला फार वाईट वाटतं, ती म्हणजे फुटलेलं गार्ड तसंच ठेवणं. लहान मुलं त्याच मोबाईलवर बोट फिरवत असतात, कडेचे टवके निघालेले असतात आणि मोठी माणसं म्हणतात आतली स्क्रीन चांगली आहे ना, मग राहू दे. अहो ती काच आहे, बोटात जाते! आणि तडा गेलेल्या गार्डच्या फटीतून धूळ आत जाऊन ज्या चऱ्यांसाठी ते लावलं तेच खाली पडायला लागतात. फुटलं की त्याच दिवशी काढा, लगेच नवीन मिळत नसेल तर काही दिवस बिनगार्डचा वापरला तरी चालेल.

आता मागणी. गार्ड बनवणाऱ्यांनी पाकिटावर चार गोष्टी साध्या भाषेत छापाव्यात, माल कुठला, म्हणजे काच पीईटी की टीपीयू, जाडी किती, गोंद पूर्ण की कडेला, आणि स्क्रीनखालच्या फिंगरप्रिंटवर चालेल की नाही. आणि ९एच लिहायचंच असेल तर शेजारी पेन्सिल टेस्ट असंही लिहा. तुमच्या पेपरला विनंती की मोबाईलचं परीक्षण छापताना स्क्रीन सपाट आहे की वाकलेली, फिंगरप्रिंटचा सेन्सर कुठला आणि कंपनीने आधीच फिल्म लावून दिलीय का एवढं तरी द्यावं, दोन ओळींचं काम आहे, पण दुकानात उभं राहून गार्ड निवडणाऱ्याला नेमकं तेवढंच हवं असतं.

आपली एक नियमित वाचक