वणव्याच्या धुरात कूलर कधी लावायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'दुपारी बाहेर पडू नका, कूलर लावा, रात्री खिडक्या उघड्या ठेवा' या उन्हाळी सूचना गावोगाव पोहोचतात. पण गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटात जंगलाला लागून असलेल्या गावांसाठी हेच महिने वणव्याचेही असतात. वनखात्याच्या हिशेबात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. तिथे उघड्या खिडकीतून रात्री गारव्याबरोबर धूरही आत येतो. उष्माघाताच्या पत्रकात धुराच्या चार ओळी हव्यातच.

कूलर बाहेरची हवा ओल्या टट्ट्यांतून आत ओढतो. टट्टी धूळ अडवते. धुरातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण तिच्यातून सहज जातात. वरून जाड कापड गुंडाळले तर कण येतातच, शिवाय वारा मंदावून गारवाही जातो. कूलर आत ओढून दारे-खिडक्या लावून चालवणे तर त्याहून वाईट: तीच हवा पुन्हा पुन्हा ओली होते, खोली दमट होते आणि घाम सुकेनासा होतो.

त्यामुळे वेळ पाहून कूलर लावावा. रात्री जमीन निवते, थंड हवा खोलगट भागात साचते, धूर तिच्यात अडकतो आणि पहाटे तो सर्वांत दाट असतो. ऊन चढले की हवा वर-खाली मिसळू लागते आणि धूर विरतो. आग लांब असेल तर दुपारी समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवून कूलर खुशाल चालवा. पहाटे धूर असेल तर कूलर बंद, खिडक्या बंद, छताचा पंखा सुरू आणि अंगावर ओले कापड. खोली चाळीस अंशांच्या वर गेली की कोरड्या अंगावर पंख्याचा वारा उलट तापवतो, म्हणून ओले कापड सोडू नये.

दुपारीही धूर हटत नसेल तर? धडधाकट माणसाने गारवा निवडावा, कारण उष्माघात काही तासांत जीव घेतो. दमेकरी, हृदयरोगी आणि गरोदर बायकांना मात्र दोन्ही टळेल अशी खोली लागते. शाळेत किंवा आरोग्य केंद्रात अशी एक खोली करता येईल. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो. जोडीला हेपा फिल्टरचे, म्हणजे बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचे, यंत्र हवे. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत ताशी सुमारे १७० घनमीटर स्वच्छ हवा देणारे यंत्र पुरते.

तेंदूपत्ता तोडणारे पहाटेच निघतात, म्हणजे नेमके दाट धुरात. नाकावर बांधलेला दुपट्टा, ओला केला तरी, बारीक कण अडवत नाही. एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तर अडवतो, पण तो लावून चढ चढताना दम लागतो. फार धुराच्या दिवशी तोडाई थांबवणेच बरे. फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, ओआरएस ठेवावे: एक लिटरचे पाकीट पूर्ण एका लिटरात. तेच ग्लासभर पाण्यात कालवले तर अपायच होतो.

ऊन लागलेला माणूस बरळू लागला, शुद्ध हरपली, तर १०८ लावा आणि गाडीची वाट न पाहता सावलीत कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत-जांघेत बर्फ ठेवा. बेशुद्धाला पाणी पाजू नका. तापाची गोळी इथे काम करत नाही.

बरेच वणवे मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळताना लागतात. पाला झाडून जाळी किंवा जुनी साडी पसरली तर फुलांना मातीही लागत नाही. आग दिसली तर वनखात्याच्या १९२६ वर फोन करताना गावाबरोबर जवळचा नाला आणि माहीत असेल तर वनकक्षाचा, म्हणजे वनखात्याने आखलेल्या जंगलाच्या तुकड्याचा, क्रमांकही सांगावा, म्हणजे माणसे शोधत फिरत नाहीत.

— एक वाचक, गडचिरोली