राहिलेलं राहू दे, आजचं भर

कोल्हापूर

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "पप्पा, मला सगळं कळतं, पण हातून होत नाही." क्रेडिट कार्डाचं बिल, पीपीएफ म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीचं खातं, बँकेतला नॉमिनीचा, म्हणजे आपल्यामागे पैसे कोणाला द्यायचे याचा फॉर्म, सगळंच 'बघते पुढच्या महिन्यात' म्हणून राहिलंय. तू रडवेली झाली होतीस, म्हणून तेव्हा जास्त बोललो नाही. आता सविस्तर लिहितो.

तू आळशी आहेस, हे आधी मनातून काढून टाक. लक्ष्मीपुरी ते महाद्वार रोड दुकानादुकानातून पिग्मी, म्हणजे रोजच्या छोट्या बचतीचे पैसे गोळा करत माझं आयुष्य गेलं. पहाटे चारला उठून माल उतरवून घेणारी माणसंसुद्धा मला "उद्या या" म्हणतात. गल्ल्यात पैसे असतात. तरी म्हणतात, "उद्या डबल देतो." दुसऱ्या दिवशी डबल द्यायचं जड जातं, मग पुन्हा उद्या. तीन-चार दिवस असे गेले की माणूस मला लांबून बघूनच आत वळतो. रक्कम जेमतेम शंभराची असते, पण राहिलेल्याचं ओझं त्याला माझ्यासमोर उभं राहू देत नाही. तुझंही तेच झालंय. बँकेचा मेसेज आला की तू तो न उघडताच वर सरकवतेस, हे दसऱ्याला आली होतीस तेव्हा मी पाहिलं.

अशा माणसाला मी एकच सांगतो: मागचं सोडा, फक्त आजचे द्या. बहुतेक जण त्याच दिवशी परत सुरू होतात. भरून काढायचं म्हटलं की पाय अडतो, आजच्यापुरतं म्हटलं की हात खिशाकडे जातो. गेल्या वर्षभरात काय साठवायला हवं होतं, याचा हिशेब तू आता करूच नकोस.

कपिलतीर्थ मार्केटात एक भाजीवाल्या मावशी आहेत. मी दिसलो की पोत्याखालची पिशवी काढून पन्नासची नोट पुढे करतात, भाव चढा असो वा पडलेला. गिऱ्हाईक समोर असलं तरी आधी माझं उरकतात. रोज पन्नास म्हणजे वर्षाला 18,250 रुपये. पिग्मीला व्याज कमी, मुदतीआधी मोडली तर काही ठिकाणी तेही मिळत नाही, हे त्यांना माहीत आहे. तरी भरतात, कारण दारात माणूस येतो. द्यायचे की नाही हा प्रश्न रोज नव्याने सोडवावा लागत नाही. आत्याच्या गावात डेअरीचं दर दहा दिवसांचं बिल हातात येण्याआधी पशुखाद्याचे पैसे कापले जातात, म्हणून म्हशीची पेंड कधी चुकत नाही. ऊसबिल मात्र एकदम येतं आणि कुठे गेलं ते कळत नाही.

पुण्यात तुझ्या दारात कोणी येणार नाही. ते काम बँकेला सांगायचं. पगार 1 तारखेला होतो, तर 2 तारखेला ठरलेली रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात जाऊ दे. महिनाअखेरीला उरेल ते साठवू म्हणणाऱ्याचं काही उरलेलं मी पाहिलं नाही. पहिले तीन महिने दोन हजारच ठेव. तू जोशात पंधरा हजार लावशील आणि 20 तारखेला परत काढून घेशील, मग पुन्हा मन खट्टू होईल.

पण त्याआधी कार्ड. इथे मी खरंच काळजीत आहे. तुझी बाकी 40,000 आहे. महिना साडेतीन टक्के धरले तर व्याज 1,400, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 252. किमान रक्कम म्हणून पाच टक्के, म्हणजे 2,000 भरलेस, तर त्यातले 1,652 व्याजात आणि करात गेले. मुद्दल कमी झालं फक्त 348 रुपयांनी. शिवाय बाकी मागे असताना केलेल्या नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, बिनव्याजी मुदत मिळत नाही. वर्षाला चाळीस टक्क्यांच्या पुढे जाणारं हे कर्ज डोक्यावर ठेवून सात टक्क्यांची बचत करण्यात अर्थ नाही. आईने तुझ्या नावाने ठेवलेली एफडी मोडू आणि कार्ड एकदम फेडू. तिला विचारलंय, ती हो म्हणाली. फेडून होईपर्यंत कार्ड कपाटात ठेव.

पीपीएफचं सांगतो. महिन्याच्या 5 तारखेपासून अखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असते, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज धरतात. 6 तारखेला भरलेल्या पैशाचा तो महिना गेला. तू दरवेळी 31 मार्चला धावपळ करतेस. तेच 60,000 आदल्या 5 एप्रिलच्या आत भरले असते, तर 7.1 टक्क्यांनी 4,260 रुपये जास्त मिळाले असते. एकरकमी जमत नसेल तर महिना पाच हजार, पण 5 तारखेच्या आत. कार्ड मिटल्यावर हे सुरू कर.

आणखी एक, आणि हे पिग्मीवालाच सांगतोय म्हणून लक्षात ठेव. सगळे पैसे पतसंस्थेत ठेवू नकोस. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. मी माझ्या गिऱ्हाइकांनाही हे सांगतो.

नॉमिनीचा फॉर्म दहा मिनिटांचा आहे. माझ्या लाइनीतले एक दुकानदार अचानक गेले. खात्याला नॉमिनी नव्हता. त्यांच्या बायकोला स्वतःच्याच घरचे पैसे मिळवायला वारसाच्या कागदांसाठी महिनोन्महिने खेटे घालावे लागले, आणि त्या दिवसांत दोन पोरांची शाळेची फी तिने भावाकडून उसनी घेतली. त्या बाईचा चेहरा आठवला की मला तुझा तो फॉर्म आठवतो.

येत्या रविवारी मी लाइनीवर जाणार नाही. सकाळी अकराला लॅपटॉप उघडून बस आणि मला फोन लाव. कार्डाचं स्टेटमेंट आपण दोघं मिळून उघडू, मी फोनवरच थांबतो. त्यानंतर नॉमिनीचा फॉर्म. बाकीचं त्या दिवशी काढायचंच नाही. पासबुक आणि आईचा आधार नंबर जवळ ठेव.

तुझे
पप्पा