मुलांच्या डाळीचं वजन करा : इंदूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

माननीय जिल्हाधिकारी महोदय,

सविनय नमस्कार.

इंदुरात शाकाहाराचा प्रसार करणाऱ्या मराठी रहिवाशांचं हे पत्र शाळांतल्या मध्यान्ह भोजनाबद्दल आहे. मुलांच्या ताटात अंडं नको, असं म्हणणाऱ्यांत आम्ही आहोत. म्हणूनच अंड्यातून जे मिळालं असतं ते डाळीतून आणि दुधातून पुरतं मिळतंय का, हे विचारणं आमचं कर्तव्य आहे.

पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल असा नियम आहे. त्यातून 12 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. पोळीच्या दिवशी अडचण येत नाही, गव्हाचाच मोठा आधार असतो. भाताच्या दिवशी मात्र हिशेब काठावर येतो : तांदळातून सात-आठ ग्रॅम, डाळीतून साधारण साडेचार. डाळ निम्मी पडली की ताट नियमात बसत नाही. शिवाय धान्यात लायसिन (प्रथिनाचा एक आवश्यक घटक) कमी असतं आणि ती उणीव डाळच भरून काढते, त्यामुळे डाळ घटली की भातातलं प्रथिनही अंगी कमी लागतं.

शंभर मुलांना दोन किलो डाळ लागते. तिचं घट्टसर वरण आठ लिटरच्या आसपास होतं, म्हणजे मुलामागे 80 मिली. पातेल्यावर आठ लिटरची खूण करून घ्यावी आणि वाढायला 80 मिलीचीच पळी द्यावी. वरण खुणेच्या बरंच वर गेलं तर पाणी वाढवलंय, हे कुणालाही दिसेल. वाढताना दर पळीला तळापासून ढवळणं फार गरजेचं आहे. डाळ खाली बसते. ढवळलं नाही तर पंगतीतल्या पहिल्या मुलांना पिवळं पाणी मिळतं आणि शेवटच्यांना गाळ. बाहेरून डबे येतात तिथे डबा तासभर उभा राहिलेला असतो, म्हणून तिथे हे जास्तच सांभाळावं लागतं.

डाळ शिजत नाही, ही स्वयंपाकिणींची तक्रार खरी आहे. बोअरचं जड पाणी, जुनी डाळ, किंवा टोमॅटो-चिंच आधीच घालणं, यांतलं काहीतरी कारण असतं. मग खायचा सोडा पडतो. डाळ मऊ होते, पण थायमिन (जीवनसत्त्व बी-1) नष्ट होतं. त्यापेक्षा डाळ तासभर भिजवावी आणि आंबट पूर्ण शिजल्यावरच घालावं. हरभरा, मटकी रात्रभर भिजवून मोड आणले तर लोह जास्त शोषलं जातं; वरून लिंबू पिळलं तर आणखी बरं.

आठवड्यातून एकदा सोया वडी देता येईल. दहा ग्रॅम वडीत सुमारे पाच ग्रॅम प्रथिनं असतात. मिठाच्या पाण्यात पाच-सात मिनिटं उकळून, गार पाण्यात दोनदा घट्ट पिळून मगच फोडणीला टाकावी. न पिळलेल्या वडीला वास राहतो आणि मुलं ती ताटात तशीच ठेवतात. सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था आपल्याच शहरात, खंडवा रोडवर आहे. स्वयंपाकिणींच्या प्रशिक्षणासाठी प्रशासनाने तिला विनंती करावी.

दुधाला मात्र पर्याय नाही. जीवनसत्त्व बी-12 डाळीत नसतं, भाजीत नसतं, आणि स्पिरुलिना या शेवाळातलं शरीराच्या कामी येत नाही. पावडर वापरायची तर 200 मिलीला 20 ग्रॅम, आधी थोड्या कोमट पाण्यात कालवून. थेट उकळत्या पाण्यात टाकली की गुठळ्या होतात.

आमची मागणी एवढीच : प्रत्येक स्वयंपाकघरात वजनकाटा, खुणेचं पातेलं आणि मापाची पळी द्यावी. रोज किती डाळ शिजवली, ते फळ्यावर ग्रॅममध्ये लिहावं आणि पालकांना कधीही येऊन ते तपासता यावं.

आपले,
शाकाहाराचा प्रसार करणारे इंदूरचे मराठी रहिवासी