सुध्या, ते पुस्तक पाठव

कोल्हापूर
शुक्रवार, रात्र

प्रिय सुध्या,

दिवाळीत तुझं पत्र आलं, मग फोन येऊन गेला, आणि माझ्याकडनं काहीच नाही. रागावला असशील तर रागाव, पण आधी हे वाच. घरात गाडीचा विषय काढला की "विकून टाक" एवढंच ऐकायला मिळतं. आईची शुगर आटोक्यात, माझा गुडघा होता तसाच.

अण्णांची गाडी मधेच मरते. आचके देत नाही, फुरफुरत नाही. चालता चालता इंजिन, हेडलाईट, हॉर्न, डॅशबोर्डवरचे काटे, सगळं एकदम जातं. पंधरा-वीस मिनिटं उभी राहिली की पहिल्या सेल्फला चालू.

मागच्या आठवड्यात कळे सोडून बालिंग्याकडे येताना झालं. रात्र, आई मागच्या सीटवर. उसाच्या सीझनमधला तो रस्ता तुला सांगायला नको. मागून दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येतायत आणि आपल्याला टेललाईटसुद्धा नाही. मी मागं उभा राहून मोबाईलचा उजेड हलवत होतो. आई एक शब्द बोलली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं रे.

उद्यमनगरात दाखवली. एक मिस्त्री म्हणाला बॅटरी टाका, दुसरा म्हणाला सगळं वायरिंग नवं करा. दोघांपुढं गाडी गुमान चालू, मग ते तरी काय बघणार. तूही बॅटरीच म्हणशील. येझदीचा कॉन्डेन्सर गेला होता तेव्हा नवी बॅटरी घालून बसला होतास, वर निम्मे पैसे माझ्याकडून घेतलेस. ते अजून यायचेत मर्दा.

अण्णा म्हणायचे ना, काय काय एकदम जातंय ते आधी बघ. म्हणून मी आतला छताचा दिवा लावून फिरलो. तो चावी काढली तरी लागतो, त्याचा चावीच्या स्विचशी संबंध नाही. गाडी मेली तेव्हा तोही गेला. स्विचवरचा संशय तिथंच फिटला. त्याच वेळी बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावला तर 12.6 व्होल्ट. घे, तुझी बॅटरीही सुटली. अर्थिंगही बघितलं. हेडलाईट लावून बॅटरीचा निगेटिव्ह आणि बॉडी यांच्यात मोजलं, 0.1 सुद्धा नाही. मग उरली बॅटरीकडनं फ्यूजबॉक्सकडं जाणारी जाड मेन वायर.

आता गंमत बघ. गाडी परत जिवंत झाल्यावर त्या वायरच्या फ्यूजबॉक्सकडच्या टोकाला मीटर बारा व्होल्ट दाखवायचा. मीटरला करंट जवळपास लागतच नाही. आतली एक बारीक तार शाबूत असली तरी तो बारा दाखवणार. म्हणून गाडी फिरवून आणली, हेडलाईट चालू ठेवले आणि मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं वायर फ्यूजबॉक्सला शिरते तिथं लावलं. अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको होता. दोन दिसले, आणि बघता बघता अडीच. 55 वॅटचे दोन बल्ब म्हणजे नऊएक अँपिअर. दोन गुणिले नऊ, अठरा वॅट. जवळजवळ सोल्डरिंगच्या पेनाएवढी उष्णता, वायर फ्यूजबॉक्सला जोडली आहे त्या एका सांध्यात. थिंबलला, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या टोपीला, बोट लावलं तर चटका बसला. तापलं की सांधा सुटायचा, निवला की परत टेकायचा. म्हणून ती मिस्त्रीपुढं कधी मरत नव्हती. सुध्या, त्या क्षणी तू शेजारी पाहिजे होतास. घरात कुणाला सांगू की वायर गरम लागली म्हणून मला एवढा आनंद झालाय?

कव्हर चिरलं तर आत तांबं हिरवंगार, बऱ्याच तारा तुटलेल्या. 2019 चा पूर. शाहूपुरीत ती सीटपर्यंत पाण्यात होती. गाळ धुतला, ऑईल बदललं, सीटा वाळवल्या. पण पाणी कव्हरच्या आतून किती लांब चढलं ते बाहेरून कुणाला दिसणार?

अख्खी वायर बदलली, तेवढ्याच जाडीची. थिंबल दाबून बसवलं, सोल्डर केलं नाही. ओरडू नकोस. कथील आत चढतं, तेवढी वायर कडक होते आणि इंजिनच्या थरथरीनं नेमकी त्या कडेला तुटते. कॉलेजच्या वर्कशॉपपासून हे सांगतोय, तू ऐकत नाहीस. आता तिथं 0.2 दाखवतोय.

पण झोप लागत नाही. मेन वायर हिरवी झाली तर त्याच पाण्यात बुडालेल्या बाकीच्या वायरींचं काय? टेललाईटची मागं जाते ती तर सगळी खालून, कार्पेटच्या आतून. परवापासून गाडी मेलेली नाही, पण याआधीसुद्धा महिना महिना मरायची नाही. आई म्हणते, दवाखान्यात जाईन तर ह्याच गाडीतून. अण्णांची सीट रिकामी ठेवून मागं बसते, तुला माहितीय. बंड्यानं गिऱ्हाईक बघितलंय, रविवारी येणार. विकायची नाही हे मी त्याला सांगितलंय. पण रात्री आईला त्यात बसवायचं का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, आणि ते सांगता आलं पाहिजे.

पोरीची ॲडमिशन झाली, फार बरं वाटलं. वहिनींची बदली थांबली का? नाशकातल्या त्या पांढऱ्या रश्श्याबद्दल लिहिलंयस ते वाचलं. इकडं ये, पोटभर पाजतो.

आता मुद्द्याचं. गाडीचं सर्व्हिसचं पुस्तक तुझ्याकडं आहे. कुणाचं, हा वाद नंतर घालू. शेवटी घडी घातलेलं वायरिंगचं मोठं पान आहे, अण्णांच्या तांबड्या पेन्सिलीच्या खुणा असलेलं. फोटो काढून पाठवू नकोस, वायरींवरच्या पट्ट्यांचे रंग फोटोत कळत नाहीत. पुस्तकच कुरिअर कर. एकेक लाईन लोड टाकून मोजणार आहे, मागच्या दिव्यांपासून सुरुवात. रजा मिळत असेल तर पुस्तक घेऊन तूच ये. एकानं दिवे लावायचे, दुसऱ्यानं मीटर धरायचा, एकट्याचं काम नाही ते.

तुझा,
दिल्या